इंद्राणीने अडवलेला ट्रे

इस्पितळात इंद्राणी सखाराम लागली ती फरशी पुसायला. साल १९७४. वय सव्वीस, लग्न होऊन पाच वर्षं झालेली, नवरा देवराज कारखान्यात वजनकाट्यावर. बेटाच्या उत्तरेकडच्या रिव्हिएर दू रांपार गावातल्या नाक्यावरून सकाळची पहिली बस पकडायची, दुपारी परत येऊन बापाच्या मळ्यात टोमॅटोला पाणी घालायचं, असा तिचा दिवस.

शस्त्रक्रियेच्या खोलीला लागून हत्यारांची खोली होती. तिथे जयराम नावाचे म्हातारे कर्मचारी बसत. एकदा ते दगडावर कात्रीला धार लावत होते. इंद्राणी बाहेर पोछा मारत होती. आवाज ऐकून ती दारातूनच म्हणाली, “काका, एका अंगानं जास्त घासताय. पातं वाकडं होईल.”

जयरामकाकांनी मान वर केली. “तुला काय ठाऊक?”

“उसाच्या तोडणीला सगळ्या बायकांचे कोयते मीच लावायची. दगडाचा आवाज बदलला की समजतं.”

काकांनी कात्री तिच्या हातात दिली. तिने ती लावली, मग काकांनी ओल्या गॉजच्या चार घड्या कात्रीच्या टोकाने कापून पाहिल्या. कापड कुठे ओढलं गेलं नाही. पुढच्याच आठवड्यात काकांनी मोठ्या मेट्रनला सांगून तिला आपल्या हाताखाली घेतलं.

काका फार बोलत नसत. रक्त लागलेलं हत्यार आधी गार पाण्यात, कारण गरम पाण्यानं रक्त शिजून चिकटतं. मग साबण आणि मऊ ब्रश. प्रत्येक बिजागरी उघडूनच घासायची, उघडूनच वाफेच्या यंत्रात घालायची. रक्तवाहिनी धरायचा चिमटा असेल, तर मुठीजवळच्या अडकवायच्या दातांपैकी पहिल्या दातावर बंद करायचा आणि मूठ तळहातावर हलकेच आपटायची. आपोआप उघडला तर तो कामाचा नाही. माणसाच्या पोटात असताना उघडला तर काय, ते काका सांगत नसत.

दोन वर्षांनी काका निवृत्त होऊन बेटाच्या दक्षिण टोकाच्या सुरिनाम गावी मुलीकडे गेले आणि खोली इंद्राणीची झाली. तिला फ्रेंच-इंग्रजी वाचता येत नव्हतं. गावातल्या बैठकेत, म्हणजे संध्याकाळच्या शाळेत, लहानपणी शिकलेली देवनागरी तेवढी यायची. म्हणून प्रत्येक ट्रेसाठी तिने एका वहीत हत्यारांची चित्रं काढली आणि चित्राखाली आकडे लिहिले. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर यशपाल कधी ती वही उघडून पाहत आणि परत ठेवत.

१९८१ साली सिस्टर फेलिसिते शस्त्रक्रिया विभागाच्या प्रमुख म्हणून बदलून आल्या. बाई शिस्तीच्या, पण रोग्याच्या खाटेशी स्वतः बसणाऱ्या. त्या आल्या आणि महिन्याभरात तीन जणांच्या जखमा चिघळल्या. त्यातली एक बाळंतीण होती, ती पाच आठवडे वॉर्डात पडून राहिली. सिस्टरना ते सोसवेना. त्यांनी फर्मान काढलं, की यापुढे सगळी हत्यारं रात्रभर झावेलच्या पाण्यात बुडवून ठेवायची.

झावेल म्हणजे पांढरे कपडे धुवायचं ते झोंबरं पाणी. घरोघरी असायचं. इंद्राणीने ते नाकाशी धरलं आणि म्हणाली, “सिस्टर, हे लोखंड खातं. आमच्या न्हाणीतल्या बादलीची कडी ह्यानंच गेली.”

“हे लोखंड नाही, इंद्राणी, स्टील आहे. आणि तुझं काम धुण्याचं आहे.”

त्या दिवसापासून इंद्राणी हत्यारं झावेलमध्ये बुडवू लागली. पण टाकाऊ हत्यारांच्या डब्यातून तिने एकाच घडणीचे दोन चिमटे काढले. एक झावेलच्या बाटलीत टाकला, दुसरा रोज साबणाने धुऊन, पुसून, कोरडा ठेवला. दोन्ही खिडकीत शेजारी-शेजारी. दहाव्या दिवशी बाटलीतल्या चिमट्यावर सुईच्या टोकाएवढे खड्डे दिसले. विसाव्या दिवशी बिजागरी करकरू लागली.

त्या दिवसांत ती घरी नीट जेवत नसे. देवराज म्हणाला, “तू सांगून मोकळी झालीस. आता त्यांचं ते बघतील. नोकरी जाईल, बाई.”

“चिमटा त्यांच्या हातात नसतो,” ती म्हणाली. “मी ज्या ट्रेत ठेवते, त्या ट्रेत असतो.”

तीन महिन्यांनी एका मंगळवारी सकाळी सातला ती पोटाच्या शस्त्रक्रियेचा ट्रे लावायला बसली. अकरा चिमटे होते. एकेक पहिल्या दातावर बंद करून तिने तळहातावर आपटला. चार आपोआप उघडले. त्यातल्या एकाच्या बिजागरीला केसाएवढी चीर होती. नखाने चाचपली तेव्हा लागली. तिने पुन्हा आपटून पाहिलं. पुन्हा चारच.

तिने ट्रे वाफेच्या यंत्रात घातलाच नाही. फडकं टाकून टेबलावर ठेवून दिला.

पावणेनऊला सिस्टर आल्या. “ट्रे कुठे आहे? माणूस टेबलावर घेतलाय!”

“हा ट्रे मी देणार नाही, सिस्टर.”

सिस्टरचा चेहरा लाल झाला. त्या मोठ्याने काही बोलणार, तेवढ्यात मागून डॉक्टर यशपाल आले. रोगी मोंतान्य ब्लांश गावचा उसाचा शेतकरी होता. त्याला अजून भूल दिली नव्हती.

“कोणी अडवलं?” डॉक्टरांनी विचारलं.

“मी,” इंद्राणी म्हणाली. तिने चिमटा उचलून त्यांच्या हातात दिला. “पहिल्या दातावर लावा, डॉक्टर. आता तळहातावर आपटा.”

डॉक्टरांनी आपटला. चिमटा टक्कन उघडला. त्यांनी दुसरा घेतला. मग तिसरा. चिरेचा चिमटा त्यांनी खिडकीपाशी नेऊन उजेडात धरला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला.

“तातडीसाठी राखलेला ट्रे उघडा,” ते शेवटी म्हणाले. “तो तयार आहे ना?”

“आहे, डॉक्टर. तो झावेलमध्ये गेला नाही. कपाटातून काढलाच नव्हता.”

शस्त्रक्रिया वीस मिनिटं उशिरा सुरू झाली आणि नीट पार पडली.

दुपारी सिस्टर फेलिसिते एकट्याच हत्यारांच्या खोलीत आल्या. इंद्राणीने खिडकीतले दोन्ही चिमटे त्यांच्यापुढे ठेवले. सिस्टरनी ते हातात घेऊन उघडझाप केली. मग स्टुलावर बसल्या.

“ती बाळंतीण रडायची ना, तेव्हा मला वाटायचं, जितकं कडक तितकं स्वच्छ,” त्या म्हणाल्या. “मग ती जखम चिघळली कशानं, इंद्राणी?”

हा प्रश्न इंद्राणीने स्वतःलाही विचारला होता. “रविवारी माझी सुट्टी असते, बदली माणूस असतो. सोमवारी येते तेव्हा हत्यारं धुतलेली असतात, पण बिजागऱ्या मिटलेल्या. मी उघडून बघितल्या. दोनदा आत वाळलेलं रक्त होतं, तिथे वाफ पोचत नाही. मी पुन्हा धुतलं, पण कुणाला बोलले नाही. रविवारच्या माणसाची तक्रार कशी करायची, म्हणून. ती चूक माझी.”

सिस्टरनी दोन्ही चिमटे खाली ठेवले. मग म्हणाल्या, “तुझी ती चित्रांची वही दे.”

त्या आठवड्यात दोघींनी मिळून भिंतीवर लावायचे तक्ते केले. चित्रं इंद्राणीची, शब्द सिस्टरचे. रविवारच्या माणसाला इंद्राणीने स्वतः शेजारी उभं करून शिकवलं. झावेलची बाटली फरशीच्या सामानात गेली. पुढे जखमा कधी चिघळल्याच नाहीत असं नाही, पण वर्षअखेरीस सिस्टरनी वॉर्डाचं पुस्तक पाहिलं तर त्यानंतरची एकच नोंद होती.

सतरा हत्यारं मात्र कायमची बाद झाली. भांडारातल्या हरिलालने कागद पुढे केला. इंद्राणीने देवनागरीत सही केली. “ही कसली सही? वर चालणार नाही,” तो म्हणाला. मागे उभ्या डॉक्टर यशपालांनी कागद ओढून खाली आपली सही केली. “आता चालेल,” ते म्हणाले.

१९८६ मध्ये सिस्टर फेलिसितेंची दुसऱ्या इस्पितळात बदली झाली. दोन महिन्यांत त्यांचं पत्र आलं: इथली हत्यारं वाईट अवस्थेत आहेत, इंद्राणीला पंधरा दिवस पाठवा. ती आयुष्यात पहिल्यांदाच कामासाठी घराबाहेर राहायला गेली. देवराजने तिला बसपर्यंत सोडलं. तिच्या पिशवीत दोन साड्या, लोणच्याची बरणी आणि नवे मऊ ब्रश होते.

तिथे बारा परिचारिका तिची वाट पाहत उभ्या होत्या. बहुतेक तिच्याहून जास्त शिकलेल्या. इंद्राणीने पदर खोचला, नळ सोडला आणि बेटावरच्या क्रिओल बोलीत म्हणाली, “आधी गार पाणी. या, जवळ या, लांबून दिसत नाही.”