चुलीचे दगड राखायला जालन्याला गेलो, त्याची हकिकत

चि. दत्तू यास हसनाबादहून मामाचे अनेक आशीर्वाद.

आधी तब्येतीचं. तुझा गुडघा कसा आहे? जिनिंगच्या पायऱ्या चढताना अजून करकरतो का? सूनबाईची कंबरदुखी उतरली का? तिला म्हणावं, डिंकाचे लाडू पाहुण्यांसाठी डब्यात दडवू नकोस, तूच खा. सोनीचा खोकला तिकडं मोकळ्या हवेत थांबला असंल. जालन्याच्या गल्लीत आली की तिला ढास लागते हे मी विसरलो नाही, आणि पुढचं लिहिताना तर बिलकुल विसरलो नाही. धाकट्याला दात आले का? तुझ्या खोलीमालकाच्या म्हातारीच्या डोळ्यावरचा पडदा काढला का तसाच आहे? इकडं आम्ही सगळे ठीक. तुझ्या मामीला दमा आहे, पण तो पायाला. जीभ अजून दौडते.

हे पत्र आधी एकट्यानं वाच. मंग तुमच्या तिकडं आपल्या भागातले जे कोणी माळावर जागा घ्यायला यायचं म्हणून राह्यले, त्यांना बसवून ऐकव. रस्त्याचं, खाण्यापिण्याचं सगळं लिहितो.

सूनबाई परभणीची, म्हणून थोडं तिच्यासाठी. जुन्या जालन्यात आमच्या रखमीच्या, म्हणजे सूनबाई, तुझ्या सासूच्या गल्लीमागं मोठा माळ आहे. घरात उंदीर मरून पडायला लागले की पिलेग आला समजायचं आणि सगळ्या गल्लीनं त्या माळावर निघायचं. तुराट्यांच्या झोपड्या घालायच्या, रोग सरला की परत यायचं. झोपड्या पडून जात, पण चुलीचे तीन दगड जागच्या जागी राहत. पुढच्या खेपेला ज्याचं त्यानं आपल्याच दगडांपाशी उतरायचं. मधल्या काळात गुरं चरायची, पोरं खेळायची, पण दुसऱ्याचा दगड कोणी हलवत नव्हतं. त्या तीन दगडांवर रखमीनं दत्तूला पेज शिजवून घालून वाचवलं आहे.

आता ठरलं असं, की अर्धा माळ घरांना द्यायचा आणि अर्धा मोकळा ठेवायचा. घरांच्या अर्ध्यात ज्याच्या चुलीचे दगड, त्याला ती जागा कमी नजराण्यात, म्हणजे सरकारात थोडे पैसे भरून. रखमीचे दगड त्याच अर्ध्यात. पंचांनी आणि तहसिलीनं मिळून हे काढलं. मला तरी बराबर वाटलं. गल्लीत माणसं खुराड्यातल्या कोंबड्यांसारखी राहतात, त्यांना घर पाहिजे. आणि मोकळा अर्धाही पाहिजे. दत्तू, तू लिहिलंस, 'मामा, मोजणी होईस्तोवर आईच्या दगडांपाशी बसून राहा, म्हणजे मला परत येता येईल.' मी बैल जुंपले.

हसनाबाद ते राजूर हा रस्ता म्हणायचा, एवढंच. गाडीच्या चाकोऱ्या इतक्या खोल की बैलाला हाकायचं कामच नाही, तो नाल्यातल्या पाण्यासारखा आपोआप जातो. फागुनाचं ऊन, झाडं थोडी. पाण्याची घागर गाडीला बांधूनच निघा, वाटेतल्या विहिरींवर पोहरा कुणी ठेवत नाही. चतुर्थी सोडून जा, नाहीतर राजुरात बैल सोडायला जागा मिळत नाही. धर्मशाळा स्वच्छ आहे. गणपतीच्या पायऱ्यांखाली भज्याचं दुकान आहे, भजी गरम आणि चहा गोड. हाली पैसे, म्हणजे आपल्या राज्याचे, घेतो; इंग्रजी नाणं दिलंत तर उलटून पालटून बघतो.

तोच भजेवाला मला म्हणाला, "कुठं निघालं पाव्हणं?"

"जालन्याला. बहिणीच्या चुलीचे दगड राखायला."

"मंग जल्दी जा बाप्पा. दगडाला भाव आलाय. माझा साडू परवाच हितून गाडीभर घेऊन गेला."

मी हसलो. गंमत करतोय वाटलं.

राजूर ते जालना मुरुमाची सडक आहे, गाडी झोकात चालते. मोटार जाते, पण भाडं ड्रायव्हर तोंड बघून सांगतो, आणि ती पुढं गेली की मागच्याच्या तोंडात निम्मी सडक. कुंडलिका ओलांडून जुन्या जालन्यात शिरलो तर रखमीच्या गल्लीत समोरून ज्वारीची गाडी. दोन गाड्या तिथं मावत नाहीत. मी पाव्हणा म्हणून मीच बैल मागं रेटले. भिंतीला खांदा घासून सदऱ्याची बाही फाटली. दुपारचं टळटळीत ऊन, पण गल्लीत दिवा लागंल असा अंधार.

रखमीनं पाणी दिलं. न्हाणीपाशी एका दगडावर बसून मी पाय धुतले, गूळ खाल्ला आणि म्हणालो, "चल, मला माळावर चूल दाखव. आजपासून तिथंच बसतो."

ती म्हणाली, "चूल हितंच हाये दादा. तू तिच्यावरच बसलास."

खाली बघितलं. आतल्या अंगानं काळाभोर दगड, आणि त्याचे दोन भाऊ भिंतीला टेकलेले.

"कोणी आणले?"

"मीच. सकाळी डोक्यावर, एकेक करून."

"अगं, वेडी का खुळी तू? दत्तूची जागा गेली ना!"

"चल तर माळावर," ती म्हणाली. "मंग बोल मला काय बोलायचं ते."

माळ बघितला आणि भजेवाल्याचा साडू आठवला. पिलेगाच्या साली तिथं चुली होत्या, त्याहून कितीतरी जास्त चुली आता होत्या. मोकळ्या ठेवायच्या अर्ध्यातसुद्धा. बाया बसून कोऱ्या दगडांना तेलात कालवलेली काजळी फासत होत्या. एकीनं रखमीला हाक मारली, "आक्का, तुमच्या तव्याची काजळी उरली आसंल तर द्या की! आमचा दगड गोराच राह्यला."

दुसरी म्हणाली, "नवरी हाये ती, हळद लाव तिला." सगळ्या खदखदल्या.

मलाही हसू आलं, खोटं कशाला लिहू? मंग रखमीच्या जागेवर आलो. जमिनीत तीन खळगे, त्यात वाळवी. भोवती तेवढीच जागा रिकामी.

"मी म्हनलं, एका खऱ्या चुलीनं जागा सोडली तर खोट्यांना लाज वाटंल," ती म्हणाली. "निदान मोकळ्या अर्ध्यातले तरी उचलतील. कुनाला तरी म्हनावं लागंल ना दादा, की आम्हाला नको, माळ राहू द्या?"

"आन् दत्तू?"

ती पदर तोंडाशी धरून उभी राहिली.

मी म्हणालो, "उद्या सकाळी दगड परत ठेवू. मीच डोक्यावर घेतो." ती गल्लीच्या वाटेला लागली. त्याच घटकेला उचलायला पाहिजे होते. पण भूक लागली होती, बैलांना वैरण टाकायची होती. बेसन-भाकर खाल्ली आणि निजलो.

सकाळी दगड घेऊन गेलो तर रखमीच्या तीन खळग्यांत दुसरे तीन दगड बसलेले. शेजारी मारोती मापाडी कडेवर पोरगं घेऊन उभा. तुझ्या भिंतीला भिंत लागून राहतो तोच. त्याच्या बायकोला गाठ आली होती तेव्हा तुझ्या आईनं शेक दिला होता.

मी तोंड सोडलं. जे बोललो ते लिहीत नाही, पत्र पोराबाळांत वाचायचं आहे.

तो रखमीकडं बघून म्हणाला, "आक्का, तुमी उचलले म्हून मी ठेवले. मी न ठेवतो तर पेठेतला कुनी ठेवता. तुमी माळाला जागा सोडली, पर माळ कुनाच्या नावावर हाये का? रिकामं दिसलं की लोक बसतात."

"माझ्यासाठी न्हवती सोडली रे मारोती."

"मला कळतंय, आक्का. पर माझ्या घरात पोरं पाळीनं पाय लांब करतात. त्यांना काय सांगू, आक्काच्या मोकळ्या जागेत हवा निजलीया, तुमी उभं राहा?"

त्याचं घर मी बघितलेलं आहे. चोर म्हणायला जीभ उचलली नाही. रखमीनं त्याच्या पोराच्या डोक्यावर हात फिरवला आणि मला म्हणाली, "ऱ्हाऊ दे दादा. चल."

तेवढ्यात मोजणीवाले आले. वरचा अंमलदार घोड्यावरून सगळा माळ फिरला आणि म्हणाला, "चुली तर दोन्ही अंगाला आहेत. मग मोकळा भाग कोणता?" पंच एकमेकांकडं बघायला लागले. मोकळ्या अर्ध्यात त्यांच्याही चुली होत्या. कोणी काही बोललं नाही, म्हणून त्यानं सगळाच माळ घरांना लावला. मधून एक रस्ता ठेवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

तेव्हा तुझी आई पुढं झाली. गल्लीतली बाई, पदर डोळ्यापर्यंत, पण आवाज खणखणीत. "सरकार, आन् पुन्हा उंदीर पडले तर आम्ही कुठं जावं?"

तो चांगलाच माणूस होता, समजावून बोलला. "अब प्लेग नहीं आता, अम्मा. टोचून घ्यायचं, घरात बसायचं."

लोक हसले. दत्तू, त्या हसणाऱ्यांतले निम्मे त्या माळावर जगले म्हणून हसायला उरले होते.

दुपारी मी निघालो. रखमीनं तिन्ही दगड माझ्या गाडीत ठेवायला लावले. म्हणाली, "तुझ्या वावराच्या कडंला मांड. उंदीर पडले तर आम्ही तिकडं येऊ." मी हो म्हणालो. बहिणीला गाडीपाशी दुसरं काय म्हणणार?

पण येताना पुन्हा राजुरात मुक्काम पडला, आणि धर्मशाळेच्या ओट्यावर पडल्या पडल्या माझ्या ध्यानात आलं. पिलेगाच्या गावची गाडी इथं आली, आत कण्हणारं माणूस असलं, तर राजूरकर तिला वेशीत तरी शिरू देतील का? बिचाऱ्यांचंही काय चुकलं? घराबाहेर पडायची जागा हाकेच्या अंतरावर लागते. दिवसाच्या वाटेवर असली तर ती जागा नाही, नुसती समजूत आहे.

तरी दगड मांडले आहेत. बांधाच्या आतल्या अंगाला, लिंबाखाली. तुझा मामेभाऊ कुरकुरतो, वखर वळवायला अडचण होते म्हणून. मी म्हणालो, तेवढा कोपरा पडीक राहू दे. तो म्हणाला, "आबा, तीन दगडापायी?" कोपरा अजून पडीक आहे.

तिकडच्या मंडळींना सांग, जागा घ्यायची तर या, रस्ता बरा आहे, पाणी सोबत ठेवा. पाया खणताना राख लागंल, त्याला भिऊ नका.

तुझी जागा मी राखू शकलो नाही. त्याचा राग माझ्यावर काढ, तुझ्या आईवर काढू नको. तिनं तुला न विचारता दिलं, हे खरं आहे, आणि फुकट गेलं हेही खरं आहे. सोनीला मोकळी हवा मिळायची होती, तिथं आता मारोतीची पोरं पाय पसरतील. तीही पोरंच आहेत. मी मनाला हे रोज सांगतो, मन रोज ऐकतंच असं नाही.

रखमीला लिहिता येत नाही. निघताना एवढंच म्हणाली, "दत्तू रागावंल का रं?" आता गल्लीच्या तोंडाशी बसून ती टपालवाल्याची वाट बघत असंल. तेव्हा तिच्या पत्त्यावर उत्तर लवकर टाक. रागाचं असलं तरी चालंल, पण लवकर टाक.