पहिली ओळ सोडून दे

तारा गजभिये आमच्या कंपनीत आली ती शहाऐंशी सालच्या ऑगस्टात. त्याआधी नऊ वर्षं टेलेक्सच्या खोलीत मी एकटी होते. खाणींना आणि गिरण्यांना लागणारे पाण्याचे पंप बनवायचे, बिघडले की दुरुस्त करायचे, हे कंपनीचं काम. सावनेर, उमरेड, कोराडी, छिंदवाडा असे अकरा डेपो होते. कुठे पंप बंद पडला की तिथला माणूस टेलेक्सवर रोमन अक्षरांत निरोप टाइप करायचा आणि नागपुरात माझ्या यंत्रावर तो खडखडत उमटायचा. मी कागद फाडायची, वाचायची आणि ज्याच्या त्याच्या टोपलीत टाकायची. एवढंच काम. पण ते वाचणं म्हणजे काय असतं ते मला तारा आल्यावर कळलं.

कंपनीने कॉम्प्युटर घेतला होता. मॅनेजर वामनराव साहेबांचं म्हणणं असं, की आलेला निरोप यंत्रानेच वाचावा. कुठल्या डेपोचा, कधीचा, कोणता पंप, बिघाड काय, हे त्यातून वेगळं काढावं आणि सकाळी प्रत्येक खात्याच्या हाती त्याची यादी छापून द्यावी. टेलेक्समधून कागदासोबत भोकं पाडलेली पिवळी पट्टी निघायची, ती कॉम्प्युटरला खाऊ घातली की निरोप त्याच्या पोटात. पुढचा प्रोग्रॅम ताराने लिहायचा. ती बी.एस्सी. झालेली, गणितात पहिली. प्रोग्रॅम लिहायचा एक कोर्स केलेला. नोकरी सहा महिन्यांची, कच्ची. साहेबांनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं, "जानेवारीत पंधरा दिवस चाचणी घेऊ. त्या काळात कुणी माणसाने निरोप वाचायचा नाही. एकही निरोप हरवला नाही, तर तुम्ही पक्क्या."

सक्करदऱ्याला तिचं घर. वडिलांची गिरणी सुटलेली, धाकटे भाऊबहीण शिकणारे. पक्कं होणं म्हणजे काय हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

बारीक चणीची, दोन वेण्या, पांढऱ्या साडीवर नेहमी निळा ब्लाउज. बोलायची कमी. डब्यात बहुतेक ज्वारीची भाकर आणि झुणका. मी सकाळी टेकडीच्या गणपतीला जाऊन यायची, तेव्हा प्रसादाचा खडीसाखरेचा खडा तिलाही द्यायची. ती घ्यायची. तिच्या घरी बुद्धवंदना होते हे मला ठाऊक होतं आणि मी काय मानते हे तिला ठाऊक होतं. त्यावर आम्ही कधी बोललो नाही, गरजही पडली नाही.

माझ्या जुन्या निरोपांचा गठ्ठा घेऊन ती बसली आणि दोन दिवसांत तिचं डोकं उठलं.

"यमुताई, हे लोक कसं लिहितात? छिंदवाड्याचा माणूस डेपोचं नाव पत्रासारखं शेवटी लिहितो. उमरेडचा एकाच निरोपात तीन पंप कोंबतो. आणि हे पाहा, 'कालच्यासारखंच.' काल काय?"

"काल वॉशर गेलं होतं," मी म्हटलं.

"तुम्हाला आठवतं. त्याला कसं आठवणार?"

तारखेच्या जागी कुणी 'पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी' लिहायचा. वाटेत आकड्यांची खूण गळाली तर टेलेक्सवर आकड्यांऐवजी अक्षरं उमटतात, एकाच्या जागी क्यू, दोनाच्या जागी डब्ल्यू. मला ते कधी अडलं नाही, डोळा आपोआप वाचायचा. ताराला तेवढ्यासाठी दहा दिवस लागले. एक गोष्ट सुटली की दुसरी उभी राही. ती पेन्सिल टेबलावर आपटायची नाही, कुणावर ओरडायची नाही. नुसती खिडकीशी जाऊन पाठमोरी उभी राहायची. मग परत येऊन पहिल्यापासून.

सगळ्यात मोठी अडचण निघाली पहिल्या ओळीची. तिच्या प्रोग्रॅमला पहिल्या ओळीत डेपोचं नाव हवं. सावनेरचे लहानू निरोपाच्या वर 'श्री' लिहायचे. नुसते लहानूच नाही, सात डेपो श्री लिहायचे. कोराडीवाला साईराम. आणि नव्या प्रोग्रॅमवर आपल्या समाजातली पोरगी बसली आहे हे कळल्यापासून उमरेडचे धोंडबा आनंदाने 'जय भीम' लिहू लागले होते. पहिल्या यादीत यंत्राने छापलं की श्री नावाच्या डेपोतून एकोणीस पंप बंद आहेत.

तारा त्या दिवशी हसली. "तुमचा श्री आणि आमचा जय भीम, दोघांनी मिळून माझी वाट लावली."

मग तिने साहेबांकडून परिपत्रक काढवून घेतलं. पहिल्या ओळीत डेपोचं नाव, दुसरीत तारीख, तिसरीत पंप नंबर, पुढे मजकूर. त्याआधी काही लिहू नये. दिवाळीच्या आधी ते सगळीकडे गेलं आणि दुसऱ्याच दिवशी कँटीनमध्ये गोडाउनचे गणपतराव सगळ्यांदेखत म्हणाले, "श्री लिहू नका म्हणून राहिली. काहून वं, तुमच्या लोकांले श्रीचं एवढं वावडं?"

तारा घास खाली ठेवून म्हणाली, "धोंडबाभाऊंले जय भीमही लिहू नका म्हटलं मी. त्यांले जाऊन इचारा न. त्यांले राग नाही आला."

कुणीतरी हसलं. गणपतराव हसले नाहीत. संध्याकाळपर्यंत गोष्ट साहेबांच्या केबिनमध्ये गेली आणि साहेबांनी परिपत्रक मागे घेतलं. "धर्माच्या गोष्टीत कंपनीला पडायचं नाही," म्हणाले. ताराने विचारलं, "मग मी काय करू?" साहेब म्हणाले, "ते तुमचं शास्त्र आहे."

मला भारी राग आला. साहेबांचा आला, गणपतरावांचा आला. मी स्वतः प्रत्येक कागदाच्या माथ्यावर श्री घालणारी बाई, पण देवाचं नाव असं कुणाच्या पोटावर मारायला वापरावं का? त्या रागाच्या भरातच मी तिला म्हटलं, "तारा, तू कशाला डोकं फोडतेस? सगळेच वर काहीतरी लिहितात. तुझ्या प्रोग्रॅमने पहिली ओळ वाचूच नये. सोडून दे. दुसरीपासून सुरू कर."

"आणि कुणी काहीच नाही लिहिलं तर?"

"मी नऊ वर्षं वाचते आहे. लिहिणारे कधी चुकत नाहीत. न लिहिणाऱ्यांना मी सांगते."

दोन डेपो कोरडे होते, वर काही लिहीत नसत. त्यांना मीच फोन लावला, तुम्हीही लिहीत जा म्हटलं. त्यांना गंमत वाटली. लिहू लागले. छिंदवाड्याच्या माणसालाही समजावलं, डेपोचं नाव वरती घेत जा. जे काम परिपत्रकाने झालं नाही ते असं झालं. मला त्याचा अभिमानही वाटला, खोटं कशाला सांगू.

संक्रांतीच्या आठवड्यात चाचणी सुरू झाली. टेलेक्सच्या मागे कुलूपबंद लाकडी पेटी ठेवली. उमटलेला कागद आपोआप त्यात पडायचा. पंधरा दिवसांनी पेटी उघडून याद्यांशी ताडून पाहायचं. पट्टी मात्र मी कॉम्प्युटरकडे न्यायची. भोकं माझ्याने वाचली जात नसत. डेपो आणि तारीख लागली की निरोप यादीत जायचा, पंप नंबर नसला तरी. ज्या निरोपाचा अर्थ यंत्राला लागणार नाही तो 'अस्पष्ट' म्हणून बाजूला पडायचा आणि चाचणी संपल्यावर छापला जायचा. पहिला आठवडा सुरळीत गेला. तारा थोडी जेवू लागली.

दुसऱ्या आठवड्यात बुधवारी दुपारी गेटवर एक तरुण माणूस आला, डोकं भादरलेलं. आमचा फिटर केशव याचा धाकटा भाऊ मुकुंद. केशव यार्डात रॉकेलने पंप धूत होता. माझी खिडकी यार्डाकडेच.

"दादा, काल दिवसभर वाट पाहिली गा तुही," मुकुंद म्हणाला. "बाबा सकाळीच गेले. दिवस बुडेस्तोवर थांबलो. मंग मीच अग्नी देल्ला."

केशव हातातलं फडकं तसंच धरून उभा. "मले काहून नाही कळवलं?"

"कळवलं न. लहानूकाकानं माह्यासमोर टेलेक्स केला. पोचला म्हणून मशीननं उलट उत्तर देल्लं, ते मी या डोळ्यानं पाहिलं."

खरं होतं ते. निरोप घेणारं यंत्र आपलं नाव उलट पाठवतं, म्हणजे पोचला. तेवढ्या भरवशावर ती माणसं प्रेत अंगणात ठेवून थोरल्या मुलासाठी थांबली होती. सावनेर ते नागपूर एसटीने दीड तास.

केशव माझ्या खिडकीशी आला. "यमुताई, काल माहा निरोप आला होता काय?"

मी म्हटलं, "मला माहीत नाही रे."

नऊ वर्षांत त्या खिडकीतून हे उत्तर मी पहिल्यांदा दिलं. तो भावाबरोबर निघून गेला.

मी साहेबांकडे पेटीची किल्ली मागितली. ते म्हणाले, "पेटी उघडली तर चाचणी मोडेल." तारा त्यांना न विचारताच कॉम्प्युटरच्या खोलीत गेली आणि तिने अस्पष्टची यादी छापली. यादीत एकच निरोप होता. सावनेर. खाली मंगळवारची तारीख. त्याखाली, केशव फिटरचे वडील दादाजी आज पहाटे वारले, ताबडतोब पाठवा.

"वर श्री नाही," तारा म्हणाली. "प्रोग्रॅमने सावनेर सोडून दिलं आणि तारखेला डेपो समजला. लहानूकाका कधी चुकत नाहीत. कालच कसे विसरले?"

ते विसरले नव्हते. कागद पाहताक्षणी मला ते कळलं होतं. मी सांगण्याआधीच तिने सावनेरला फोन लावला. लहानूंचा आवाज मला बाजूला उभं राहून ऐकू येत होता. "मयतीच्या निरोपावर श्री कसा घालू, बाई? हात नाही धजला."

ताराने फोन ठेवला. "हे तुम्हाला माहीत होतं?"

"लहानपणापासून," मी म्हटलं.

मृत्यूच्या पत्रावर श्री घालत नाहीत. माझ्या आईने लिहायला शिकवताना मला सांगितलेल्या गोष्टींतली ही एक. नऊ वर्षांत चार तरी असे निरोप मी फाडून ज्याच्या त्याच्या हाती दिले होते. तेव्हा माथ्यावर काय आहे, काय नाही, हे पाहायची वेळच आली नव्हती. आधी माणूस शोधायला धावत होते.

मी तिला म्हटलं, "चूक माझी आहे, साहेबांना मी सांगते." ती म्हणाली, "प्रोग्रॅम माझा आहे." मग खिडकीशी जाऊन उभी राहिली. त्या दिवशी परत टेबलाशी आली नाही.

चाचणी संपली, पेटी उघडली. पंपांचे सगळेच्या सगळे निरोप योग्य यादीत होते. साहेब खुशीत होते. "घरगुती निरोप यात धरायचा नाही," म्हणाले. "तो कंपनीचा विषयच नाही. अहवालावर सही करा, तुमचं पत्र तयार आहे."

तारा म्हणाली, "साहेब, एक करा. जो निरोप यंत्राला लागणार नाही, तो तेव्हाच्या तेव्हा यमुताईंना वाचू द्या."

"माणसानेच वाचायचं तर यंत्र कशाला आणलं?"

"सगळे नाही. न लागलेलेच."

"ते पुढचं पुढे पाहू. आधी सही."

अहवालात छापलेलं होतं, एकही निरोप हरवला नाही. तारा कागदाकडे पाहत राहिली. मी तिला बाहेर नेलं. म्हटलं, "बाई, कर सही. घरी चार तोंडं आहेत. केशवचे वडील काही परत येत नाहीत." मला तिचाही रागच येत होता, सांगते. एवढ्या दिवसांची मेहनत, आणि आता एका ओळीसाठी अडून बसायचं.

ती म्हणाली, "एक हरवला, यमुताई. मी मोजता येणाऱ्या गोष्टीत खोटं कसं लिहू?"

आत जाऊन तिने छापील ओळीवर रेघ मारली. खाली आपल्या अक्षरात लिहिलं, 'एक निरोप हरवला, प्रोग्रॅमच्या चुकीने.' मग सही केली. माझं नाव घातलं नाही. मी घाल म्हटलं, तर तिने पेनचं टोपण लावलं.

फेब्रुवारीत तिचे सहा महिने संपले, ते वाढले नाहीत. उरलेल्या दिवसांत तिने प्रोग्रॅम दुरुस्त केला. आता डेपोचं नाव पहिल्या पाच ओळींत कुठेही असलं तरी यंत्राला सापडतं. आणि न लागलेला निरोप आला की माझ्या खोलीत घंटी वाजेल अशी तार तिने स्वतः ओढून घेतली. तिला हे करायला कुणी सांगितलं नव्हतं, त्याचे आभारही कुणी मानले नाहीत. ती आता एका शाळेत गणित शिकवते. केशव माझ्याशी कामापुरतं बोलतो. तिच्याविषयी त्याने कधी विचारलं नाही.

तिच्या जागी मधुसूदन आला. चांगला मुलगा आहे, सह्या पटापट करतो. दुसऱ्याच आठवड्यात त्याने घंटीची तार काढून टाकली, डोकं दुखतं म्हणाला. मी साहेबांकडे दोनदा गेले. दोनदा 'पाहू' झालं.

म्हणून दर तासाला मीच उठते आणि त्याच्या खोलीत जाते.

"यमुताई, काही नाही हो आज," तो मान वर न करता म्हणतो.

"छाप," मी म्हणते. "मला पाहू दे."