नव्वद फुटांवरची चिकणमाती

भूजलात संशोधन करणारी आमची भाची चारचौघांत तोंड उघडायची नाही. फोन करायचा तर आधी वाक्यं कागदावर लिहून घ्यायची. अशा मुलीने दोन वर्षं बोअरवाल्यांचे उंबरे झिजवले, हे मला आजही खरं वाटत नाही.

बोअर मारताना किती फुटांवर मुरूम लागला, कुठे दगड, कुठे माती, हे बोअरवाले वहीत उतरवून ठेवतात. तिला त्या वह्या हव्या होत्या. पहिल्या तिघांनी दारातूनच वाटेला लावलं. चौथा दाढीवाला. त्याने तिला खुर्ची दिली आणि म्हणाला, "पोरी, पाणी लागलं का, एवढंच लोक विचारतात. खाली काय लागलं हे विचारणारी तू पहिलीच." मग त्यानेच बाकीच्यांना फोन लावले. चौदा जणांच्या वह्या गोळा झाल्या. त्यांवरून तिने शहराच्या पोटातला नकाशा काढला.

परिषदेसाठी त्याचं पोस्टर माझ्याच दुकानात छापलं. रंग बरोबर उतरेपर्यंत तिने मला तीनदा छापायला लावलं. एकटीने जायचा तिला धीर होईना, म्हणून पोस्टरची नळी घेऊन मीही सोबत गेले. जागा मिळाली थेट स्वच्छतागृहाच्या शेजारी! येणारा जाणारा घाईतच. तासभर कुणी थांबलं नाही, आणि ही पोस्टरकडे तोंड करून उभी.

"अगं, त्या पोस्टरला तू पाठ आहेस. लोकांकडे बघ जरा," मी म्हटलं.

तेवढ्यात पाणी खात्यातले एक मोठे साहेब हात पुसत बाहेर आले आणि थबकले.

"बोअरवाल्यांच्या वह्या? ऐकीव माहितीवर नकाशा काढता तुम्ही?"

मी उत्तर द्यायला पुढे झाले. पण ही वळली.

"ऐकीव नाही सर, जमिनीतून उपसून काढलेली आहे."

"पूर्वेकडे चिकणमाती दाखवलीय तुम्ही. आमच्या नोंदीत ती नाही."

"तिथे तुमचं बोअर आहे का?"

"दोन किलोमीटरवर एक आहे."

"माझी सतरा आहेत. आणि सर, तिथे पाणी मुरवायला तुम्ही जो शाफ्ट खणणार आहात तो ऐंशी फुटांचा आहे. नव्वदच्या आसपास चिकणमाती लागेल. मुरवलेलं पाणी तिच्यावरच अडून बसेल. खालच्या विहिरींना थेंब मिळायचा नाही."

साहेबांनी वाकून नकाशा पाहिला. मग बाजूची खुर्ची ओढून बसले. "पहिल्यापासून सांगा."

मोठे साहेब बसलेले पाहून माणसं जमली. पाण्याची रासायनिक तपासणी करणाऱ्या एक बाई होत्या, परगावचे दोन प्राध्यापक होते, पंप बनवणारा एक इंजिनिअर होता. भाची सगळ्यांशी बोलली, सगळ्यांचे नंबर घेतले, आणि आठवड्याच्या आत प्रत्येकाला त्याच्या कामाचा भाग काढून पाठवला. नुसतं 'भेटून आनंद झाला' नाही!

महिन्याभराने साहेबांनी तिला शाफ्टच्या जागेवर बोलावलं. आधी साधं बोअर मारून बघायचं ठरलं होतं. मशीन दाढीवाल्याचं. ऐंशी फूट गेलं, काही नाही. नव्वद, काही नाही. साहेबांनी घड्याळ पाहिलं. त्र्याण्णव. चौऱ्याण्णवला मशीनचा आवाज बसला आणि काळा, चिकट गाळ वर आला. दाढीवाल्याने त्याचा गोळा वळून साहेबांच्या तळहातावर ठेवला.

"घ्या. ऐकीव माहिती."

साहेब आधी हसले, मग मोठ्याने हसले, आणि तिथेच आराखडा बदलला. शाफ्ट चिकणमातीच्या खाली, एकशे तीस फुटांपर्यंत गेला. पावसाळा सरला तेव्हा भोवतालच्या अकरा विहिरी भाचीने स्वतः मोजल्या. सरासरी सात फूट पाणी चढलं होतं.

आता परगावच्या त्या दोन प्राध्यापकांचे विद्यार्थीही आपापल्या भागातल्या वह्या जमवतायत, आणि अडलं की हिलाच विचारतात. यंदाच्या परिषदेत तिला मुख्य सभागृह मिळालं. तिने दाढीवाल्यालाही व्यासपीठावर नेलं. शोधनिबंधाच्या लेखकांच्या यादीत चौदाही बोअरवाल्यांची नावं होती. एकाने विचारलं, इतकी माणसं जोडलीस कशी? ती म्हणाली, "त्यांना काय माहीत आहे, ते विचारलं."

टाळ्या थांबेनात. मी तर उभीच राहिले.