गालाला दिसलेलं भोक

गाडीखाली पाण्याचं डबकं दिसलं की गळती बंद करायची, एवढी अक्कल मला होती. निघायच्या आदल्या संध्याकाळी जुना टॉवेल अंथरून मी आमच्या सतरा वर्षांच्या गाडीखाली शिरलो, एसी चालू असताना टपटप गळणारी रबराची नळी शोधून काढली आणि तिच्या तोंडात औषधाच्या बाटलीचं बूच ठोकून बसवलं. वर येऊन बायकोला, नंदाला, सांगितलं, "मेकॅनिकचा हेलपाटा वाचवला."

सकाळी ठाण्याहून निघालो. मनोर मागं पडलं तेव्हा पुढच्या सीटवरच्या सासूबाई अगदी शांतपणे म्हणाल्या, "जावईबापू, माझ्या पायांवर कुणीतरी पाणी सोडतंय."

एसीत साठणारं पाणी बाहेर जायची ती वाट होती, हे मला महामार्गाच्या कडेला पाठीवर झोपून बूच उपटताना कळलं. सगळं पाणी थेट नाकात आलं. नंदा वरून बघत होती. तिनं फक्त रुमाल पुढं केला.

खरी गळती वेगळीच होती. दर उन्हाळ्यात गॅस भरून घ्यायचा आणि वेळ मारून न्यायची, असा माझा शिरस्ता. या वेळी गॅसनं चारोटीच्या अलीकडेच राम म्हटला. जाळीतून आधी कोमट आणि मग चक्क गरम हवा यायला लागली.

एरवी मी खिडक्या उघडून गाणं म्हटलं असतं. पण मे महिना होता, सासूबाईंचं वय अठ्ठ्याहत्तर आणि हृदय नाजूक. बोर्डीला त्यांची थोरली बहीण अंथरुणाला खिळली होती. दोघींची सहा वर्षं भेट नव्हती. डॉक्टरांनी बजावलं होतं, "गारव्यात नेऊन गारव्यात आणणार असाल तर न्या. उन्हात अजिबात नाही."

विवळवेढ्याला महालक्ष्मीच्या मंडपात सासूबाईंना सावलीत बसवलं आणि मी नारळवाल्याकडे चौकशी केली.

"गाडीचा एसी? तलासरीला जा. काशिनाथकडं. ट्रकवाले लांबून येतात त्याच्याकडं." मग माझ्या मातीनं माखलेल्या शर्टाकडे बघून तो म्हणाला, "तुम्ही स्वतः काय हात लावू नका."

खिडक्यांना ओले टॉवेल लावून तलासरी गाठली. महामार्गापासून जरा आत, दोन ताडांच्या सावलीत काशिनाथभाऊंचं गॅरेज. मागंच घर. सारवलेल्या ओटीवर काशिनाथभाऊंच्या बायकोनं, सुमनताईंनी, न विचारताच खाट टाकली आणि सासूबाईंच्या हातात वाटीभर गलेली (ताडगोळे) ठेवली. "आई, ही खा. पोटात एसी लागतो."

काशिनाथभाऊंनी बॉनेट उघडलं आणि ते हसले. "साहेब, दरसाल ग्यास भरता ना?"

"हो, न चुकता." मला वाटलं, शाबासकी मिळणार.

"म्हणजे फुटक्या माठात पाणी. आधी माठ बघायला पायजे."

त्यांनी नळ्यांमध्ये नायट्रोजन भरला. मीटरचा काटा वर गेला आणि अगदी सावकाश, हट्टी म्हाताऱ्यासारखा, खाली उतरायला लागला. म्हणजे भोक होतं, पण कुठं? ब्रशनं प्रत्येक जोडावर साबणाचा फेस लावला. हवा सुटत असेल तिथं बुडबुडे यायला हवेत. पुढच्या जाळीवर, कॉम्प्रेसरवर, नळ्यांवर, सगळीकडे फेस निवांत पडून होता. मीही भिंग घेतल्यासारखा डोळे बारीक करून वाकत होतो. एकदा ओरडलोसुद्धा, "सापडलं!" तो माझ्या कपाळावरून पडलेला घाम होता.

दीड वाजता काशिनाथभाऊंनी हात पुसले. "बाहेर काय नाय. आतली कूलिंग कॉइल असणार. डॅशबोर्ड उतरवावा लागेल. दोन दिवस धरा."

मी ओटीवर जाऊन सासूबाईंपुढे उकिडवा बसलो. "आई, ऊन उतरलं की आपण मागं फिरू. पावसाळा झाला की गाडी ठणठणीत करून येऊ."

त्या गलेलीची साल सोलत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "पावसाळा झाल्यावर ताई असेल?"

मी उठलो आणि उगाच गाडीभोवती फेऱ्या मारायला लागलो.

सुमनताई नवऱ्याला जेवायला बोलवायला आल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. नवऱ्याला म्हणाल्या, "मी बघू?"

"तू काय बघणार? माझा फेस नाय बोलला."

"तुझा फेस आळशी आहे. वरच्या वर बसतो." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "वीस वर्षं डहाणूला फुग्याच्या कारखान्यात होते, भाऊ. फुगा भरला का गालाला लावायचा. भोकवाला बाजूला. बारीक भोक डोळ्याला दिसत नाय. गालाला दिसतं."

काशिनाथभाऊंनी पुन्हा दाब भरला. ताईंनी चेहरा धुतला, उजवा गाल ओला ठेवला, पदर खोचला आणि बॉनेटखाली वाकल्या. "पंखा बंद करा. आणि कोणी बोलू नका." हे वाक्य माझ्याकडे बघून होतं.

इंजिन केव्हाच गार झालं होतं. ताई नळीपासून बोटभर अंतरावर गाल ठेवून तसूतसूनं सरकत होत्या. डोळे मिटलेले. महामार्गावरून ट्रक धडधडत गेला की तिथंच थांबायच्या, धुरळा बसेपर्यंत श्वाससुद्धा आवरून. मग पुन्हा गालावर पाणी, पुन्हा सरकणं. देवळात गाभाऱ्याशी माणसं होतात तसे आम्ही सगळे झालो होतो. माझी सगळी नोकरी विमा कचेरीत गेली; कागद डोळ्यांखालून घालायचा आणि सही करायची. कान, नाक, कातडी ही माझ्या लेखी दाढी करताना सांभाळायची गोष्ट. इथं एक बाई गालानं वाचत होती.

एका जागी त्या थांबल्या. मागं आल्या. पुन्हा थांबल्या.

"इथं. या पट्टीच्या आत."

नळी जिथं पत्र्याला धरून ठेवलेली असते तिथं एक पकड होती आणि तिच्याखाली रबराची जाड पट्टी. काशिनाथभाऊंनी पकड सोडवली. वर्षानुवर्षं हादरे खाऊन पट्टीतल्या वाळूच्या कणानं ॲल्युमिनियमची नळी घासली होती. सुईच्या टोकाएवढं भोक. त्यावर फेसाचा थेंब ठेवला मात्र, इवलासा बुडबुडा फुगला.

काशिनाथभाऊंनी तो बुडबुडा बोटानं पुसून टाकला. मग हळूच म्हणाले, "जेवण काय केलंय?"

"तुला भाकरी. पाहुण्यांना भाकरी आणि कोलीम (जवळा)," ताई म्हणाल्या. आम्ही सगळे हसलो. नागलीच्या (नाचणीच्या) त्या भाकरीची चव अजून तोंडात आहे. मी ताईंचं फार कौतुक करायला लागलो, तेव्हा त्या वैतागल्या. "आमच्या खात्यातल्या सगळ्याच बायकांना यायचं, भाऊ. त्यात काय?"

नळीला वेल्डिंग झालं. मशीन लावून आतली हवा ओढून घेतली, काटा अर्धा तास जागचा हलला नाही, मग नवा गॅस भरला. साडेचारला जाळीतून अशी थंड हवा आली, की सासूबाईंनी शाल मागितली.

आतल्या रस्त्यानं बोर्डीला पोचलो तेव्हा चिकूच्या वाड्यांत संध्याकाळ उतरली होती आणि सुरूच्या झाडांपलीकडे ओहोटीचा समुद्र पार आत गेला होता. थोरल्या मावशींनी उशीवरून मान वळवली, धाकट्या बहिणीला डोळे भरून पाहिलं आणि म्हणाल्या, "किती वाळलीस गं! हे लोक जेवायला घालतात ना?" आणि माझ्याकडे रोखून बघितलं. दोन दिवस त्या दोघींनी एकमेकींचा हात सोडला नाही. एक झोपली तरी दुसरी बोलत असायची.

परतताना डहाणूवरून आलो. रानशेतच्या पुढं सासूबाई मागच्या सीटवर गाढ झोपल्या होत्या. मी हळू आवाजात नंदाला म्हणालो, "त्या बाईंना भोक सापडलं नसतं तर आपण तलासरीहूनच परत फिरलो असतो. विचार करूनच अंगावर काटा येतो."

"तुम्ही फिरला असता," नंदा म्हणाली. "तुम्ही गाडीभोवती फेऱ्या मारत होता ना, तेव्हा आमचं ओटीवर ठरलं होतं. ऊन उतरलं की आम्ही दोघी एसटीनं बोर्डीला जाणार होतो. आईची औषधं मी माझ्या पर्समध्ये टाकलीसुद्धा होती. तुमचा डबा तेवढा गाडीत राहू दिला होता."