गिधाडांना चूलबंद आवतण

ब्राह्मणपुरीच्या कौसाबाईला लग्नपत्रिका वाचता येत नसे, पण पत्रिकेत कोणाचं नाव राहिलं आणि त्यामुळे कोण रुसणार, हे तिला सगळ्यांच्या आधी कळे. आसपासच्या गावांत आवतण द्यायला आणि रुसलेल्यांना मांडवात परत आणायला तिलाच बोलावत. कोरीटच्या एका लग्नात फेटा उशिरा बांधला म्हणून नवरीचा मामा लिंबाच्या झाडावर चढून बसला होता. खाली दहा माणसं हातापाया पडत होती. कौसाबाईने सगळ्यांना हाकललं, झाडाखाली ताट मांडलं, बट्टीवर तूप ओतलं आणि वर न बघता स्वतःच जेवायला बसली. तिची दुसरी बट्टी संपायच्या आत मामा खाली. माणूस रुसतो मानासाठी आणि उतरतो पोटासाठी, हे तिचं शास्त्र होतं.

अशा बोलघेवड्या बाईच्या पोटी नवल जन्मला. हा पोरगा भूक लागली तरी सांगायचा नाही, जेवलेला असला तरी सांगायचा नाही. नवरा गेल्यापासून कौसाबाईला हा एकच. शहाद्याचा अकील, नवलचा शाळेतला दोस्त, सुरतेला कापडाच्या कारखान्यात लागला आणि नवललाही बोलावू लागला, तेव्हापासून सुरतेचं नाव निघालं की ती विषय बदलायची. सुरतेला गेलेली पोरं दिवाळीपुरती येतात हे तिने गल्लीत पाहिलं होतं. म्हणून नवलला गिधाडांच्या हॉटेलात नोकरी लागली तेव्हा तिने सगळ्या गल्लीला पेढे वाटले.

हॉटेल म्हणजे खरंच हॉटेल. सातपुड्याच्या पायथ्याशी एका शहरी संस्थेने तारेचं कुंपण घातलं होतं आणि वर फलक लावला होता, ‘गिधाड उपाहारगृह’. जनावरांच्या दुखण्यावर मागे एक इंजेक्शन देत. ते टोचलेलं ढोर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की गिधाडंही मरत. त्यात त्यांचा पार सफाया झाला. आता जी थोडी डोंगरात उरली त्यांना बिनधोक जेवण मिळावं म्हणून इंजेक्शन न टोचलेली मेलेली ढोरं इथे आणून टाकायची. नवल राखणदार. उद्घाटनाला पाहुणे आले, फीत कापली, समोसे संपले, भाषणं झाली. आली नाहीत ती फक्त गिधाडं.

नंतरही आली नाहीत. आजूबाजूची कुत्री तेवढी गलेलठ्ठ झाली. शेवटी संस्थेचे साहेब म्हणाले, महिनाअखेरपर्यंत एकही गिधाड उतरलं नाही तर कुलूप लावू. नवलने ही बातमी खाली मान घालून आईला सांगितली. कौसाबाईला कुलपाच्या जागी सुरतेची बस दिसली.

“त्यास्ले आवतन कोनी दिधं?” तिने विचारलं.

“माय, त्या गिधाडं शेतस.”

“मंग? बोर्ड लावा म्हनीसन कोनी जेवाले येस का? त्या रुसनात!”

नवल काही बोलला नाही. तो कधीच बोलत नसे, त्यामुळे तिला त्यात वावगं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती तुळशीबाईला घेऊन निघाली. कौसाबाई विधवा, कुंकवाला सवाष्ण हवी, म्हणून शेजारची तुळशीबाई. दोघी रिक्षाने पायथ्यापर्यंत गेल्या आणि धापा टाकत कड्याखाली पोचल्या. कडा वरून पांढऱ्या ओघळांनी माखला होता. तुळशीबाई म्हणाली, “चुना लाई ठेवेल शे. मोठं घर दिसस.”

फलकावरची चित्रं कौसाबाईने पाहिली होती, त्यामुळे तिला पाहुणे ओळखता आले. कपारीत लांबचोचे बसले होते, मानाची मंडळी, अंगाने भरलेली. खालच्या अर्जुनाच्या झाडावर पांढरपाठे, मोठं खटलं. लाल मुंडक्याचं राजगिधाड सगळ्यांपासून दूर एकटंच, म्हणजे नक्की जावई. आणि दगडांत खालमानेने टुकूटुकू फिरणारी बारकी पांढरी गिधाडं. ती सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खातात, असं नवलने कधीतरी सांगितलं होतं. त्यांच्याकडे बघून कौसाबाईला भरून आलं. लग्नघरात ती स्वतःही शेवटच्या पंगतीलाच बसत आली होती.

तुळशीबाईने दगडाला हळदकुंकू लावलं. कौसाबाईने अक्षता ठेवल्या, पदर सावरला आणि कड्याला सांगितलं, “नवलनी माय बोली ऱ्हायनी. आम्हनं चुकनं, माफ करा. उद्या सगळास्ले जेवाले आवतन शे. चूलबंद! कोनी घर चूल पेटाडू नका.”

वरून तुळशीबाईच्या पदरावर पांढरा सडा पडला.

“कबूल व्हयनं!” कौसाबाई म्हणाली. तुळशीबाई गावापर्यंत तिच्याशी बोलली नाही.

आवतण देऊन यजमानाने घरी बसणं बरं नव्हे, म्हणून दुसऱ्या दिवशी ऊन तापल्यावर कौसाबाई नवलला न सांगता हॉटेलाकडे निघाली. कुंपणात आदल्या दिवशीच एक म्हातारी गाय आणून टाकली होती. कौसाबाई बांधावर पोचली आणि आभाळाकडे बघतच राहिली. पाहुणे येत होते! लांबचोचे, पांढरपाठे, जावईसुद्धा, हळूहळू घिरट्या घालत खाली. पाय पुढे करून पहिलं गिधाड टेकणार, तेवढ्यात झोपडीतून नवल धावत आला. हातात तेलाचा रिकामा डबा. तो काठीने डबा बडवत बोंबलत सुटला, “हाट! हाट!” आणि सगळं वऱ्हाड परत आभाळात गेलं.

कौसाबाईला आधी राग आला. मग कळलं, आणि राग कुठे ठेवावा ते समजेना. गिधाडं कधी रुसलीच नव्हती.

“रोज हाकलस का?” तिने जवळ जाऊन विचारलं.

नवलने काठी खाली टाकली. “हॉटेल बंद पडतं तं मी सुरत जातू. मंग तू मले बोल लावती नही.”

“मले सांगता नही येत व्हतं का तुले?”

“तू रडती.”

“आते बी रडसू,” ती म्हणाली आणि रडलीच. पदराने नाक पुसून तिने त्याच्या हातातला डबा घेतला. “पन त्यास्ले कसाले उपाशी मारस?”

दोघं झोपडीत गुपचूप बसली. बऱ्याच वेळाने गिधाडं उतरली, तुटून पडली. आयुष्यभर तिने परक्यांचे रुसवे काढले आणि घरातला पोरगा तोंड मिटून इतके दिवस बसला ते तिला दिसलं नाही, याची तिला फार लाज वाटली. नवल तिच्याकडे बघत होता. त्याने कसाबसा तोंडातून शब्द काढला, “माय, मी जाऊ?”

कुंपणातली बारकी पांढरी गिधाडंही जेवून जाईपर्यंत कौसाबाई बघत राहिली.

महिनाअखेरीला साहेब आले तेव्हा कुंपण गिधाडांनी भरलं होतं आणि झोपडीच्या दारात कौसाबाई बसली होती. साहेब आनंदाने फोटोमागून फोटो काढत सुटले. मग त्यांना आठवलं.

“नवल कुठंय?”

“सुरतले गया.”

“असा कसा गेला? कोणाला विचारून?”

“मले इचारीसन गया, साहेब,” कौसाबाई ताठ मानेने म्हणाली, आणि तिचे डोळे पुन्हा वाहू लागले.