हौदाचा गूळ

माझं अक्षर वेडंवाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ चौथीतच मागे राहिलं. ही वही कुणाच्या हाती पडलीच तर सांभाळून घ्या.

मिस्त्रीचाचा आधी हंड्यात बोट बुडवायचे, जिभेला लावायचे, मग डोळे मिटायचे. आपण नुसतं उभं राहायचं. डोळे उघडले की म्हणायचे, "जीभ आवळली पायजे, मग ग्वाड लागलं पायजे. तवा चुना पानी धरतो." आमटी चाखणारे तुम्ही पुष्कळ पाहिले असतील. गवंडीकाम चाखणारा मी हा एकच पाहिला.

चाचा पौडचे. कासार आंबोलीत पुण्याच्या एका साहेबांचा बंगला होता. तिथे मी झाडलोट करायचे, बागेला पाणी घालायचे. बागेत कमळांचा दगडी हौद होता, तो गळायचा. विहिरीवरून तीस-पस्तीस घागरी आणून ओतायच्या आणि सकाळी बघावं तर पाणी पुन्हा चार बोटं खाली. कमळं जगायची, कंबर माझी जायची. शेवटी साहेबांनी चाचांना बोलावलं.

ते सिमेंटला हात लावत नसत. "सिमिट म्हंजी रुसकी सून. चुन्यासंगं नांदत न्हाई." चुन्यात हिरडा आणि गूळ भिजवलेलं पाणी घालायचं, ही त्यांची रीत. हिरडा डोंगरातला, गुळाची ढेप साहेबांनी आणून दिली. भिजवायचं काम माझ्याकडे.

होळी दोन दिवसांवर आली होती. घरात गूळ नव्हता. अर्धी ढेप मी पदराखाली घरी नेली.

चाचांचा रमजान चालू होता. दिवसभर पाण्याचा थेंब नाही, ओठ पांढरे पडलेले, पण थापी थांबत नसे. सकाळी हंड्यापाशी आले, सवयीने बोट बुडवलं आणि तसंच पुसून टाकलं.

"माजा रोजा हाय. पोरी, आज तूच चाख."

मी चाखलं. जीभ आवळली, पुढे गोडी नावालाच.

"ग्वाड हाय?"

"व्हय," मी म्हणाले.

त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

पंधरा दिवस ओली पोती टाकून चुना मुरवला. हौद भरला. चौथ्या दिवशी पाणी खाली.

साहेब काठाशी उभे राहिले. "मिस्त्री, तुमचं नाव ऐकून काम दिलं होतं. हे काय?"

"हात माजा चुकला," चाचा म्हणाले. "चुना माजा, मजुरी माजी. परत करून देतो."

मी दहा पावलांवर उभी होते. तोंड उघडलं नाही. लाजाळू बाईला लोक चांगली समजतात, ते काही खरं नाही.

चैत्राच्या उन्हात चाचा एकटे हौदात बसून आपलंच काम फोडू लागले. मला ते बघवेना. जवळ गेले आणि म्हणाले, "चाचा, गूळ मी नेला व्हता."

छिन्नी थांबली. मग पुन्हा चालू झाली, दोन दिवस ते फोडतच राहिले. तिसऱ्या दिवशी मान वर न करता विचारलं, "पोळ्या चांगल्या झाल्या का?"

मला रडू फुटलं.

"रडू नगं. हितं पानी टिकत न्हाई." मग म्हणाले, "माजं छत्तीस रुपये गेले. सायबाला सांगत न्हाई, पर तुला सोडत बी न्हाई. सावकाश फेड, पर फेड."

तोवर ईद झाली होती; नव्या चुन्याचं पाणी त्यांनी स्वतः चाखलं. हौद पुन्हा गळला नाही.

पौडच्या बाजाराला मी गेले की त्यांच्या ओट्यावर रुपया ठेवायचा. कधी आठ आणे, कधी काहीच नाही. "बस जरा, लई दमलीस," म्हणायचे. दमलेलीच असायचे. तेही खोकत असत. जन्मभराचा चुना छातीत बसला होता. एका पावसाळ्यात ते गेले तेव्हा चार रुपये राहिले होते.

ते जमायला दिवाळी उजाडली. चाचींच्या हातावर ठेवले.

"ह्ये कशाचे गं?"

"हौदाचे. चाचांनी सांगितलं न्हाई?"

"न्हाई बा. कंदीच न्हाई."

मी सगळं सांगितलं. त्यांनी चारही रुपये पदराच्या गाठीला बांधले आणि म्हणाल्या, "फिटले गं पोरी. जा आता."