रंकाळ्याचा पलीकडचा काठ

आम्ही दोघांनी शेवटचं काय केलं, तर रंकाळ्यावर भेळ खाल्ली. आमच्या हिला पिक्चरचं भारी वेड. कुठल्याही गावाला गेलो की देऊळ-किल्ला मागनं, आधी शूटिंगची जागा. तिथं नटी उभी होती तसंच उभं राहायचं, पाण्याकडं पाठ करून. त्या दिवशीही पायरीवर उभी राहिली आणि म्हणाली, "अवो, हिरोसारखं रडा की जरा!"

"रडू येईना. भेळंत मिरची कमी हाय," मी म्हणालो.

भेळवाला म्हणाला, "मावशी, हिरो रडतो ते शूटिंग पलीकडच्या काठाला झालंय."

इतकी वर्षं आम्ही चुकीच्याच पायरीवर येत होतो! ही पोट धरून हसली. "आता रविवारी तिकडं जाऊ."

रविवारच्या आधीच ती गेली. मग मीही पलीकडच्या काठाला फिरकलो नाही. एकट्यानं काय बघायचं?

काल त्याच पायरीवर एक नवं जोडपं दिसलं. पोरगी पाण्याकडं पाठ करून उभी. "नीट रड ना रे!" आणि पोरगा खदाखदा हसतोय. खरी जागा सांगायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. जागा चुकली म्हणून हसू थोडंच खोटं होतं? पिक्चरवाले तिकडं रडून गेले, आम्ही इकडं हसलो. आमचंच बरं झालं.

आज सकाळी उठून पलीकडच्या काठाला गेलो. पाण्यापलीकडं आमची पायरी उन्हात चकाकत होती. बघता बघता डोळे भरले, नाकसुद्धा वाहिलं. मला हसूच आलं.

"घे," म्हटलं, "जमलं एकदाचं."